हातमोजे घेण्याआधी काम बघा



१ ऑगस्टला मासेमारी बंदी उठेल. इंजिन, जाळी, डिझेल, बर्फ सगळ्याची यादी झाली असेल. हातमोजे मात्र शेवटच्या दिवशी आठवतात आणि मग एकाच प्रकारचे दोन डझन आणून बोटीवर टाकले जातात. मागच्या हंगामात आपल्या धक्क्यावरच्या एका खलाशाची दोन बोटं विंचवर गेली. हातात मोजे होते! सैल सुती मोजा वायरच्या तुटक्या तारेत अडकला आणि हात ड्रमकडे ओढला गेला.

म्हणून आधी हे: विंच फिरत असताना त्याच्याजवळ सैल मोजा नको, लोंबती बाही नको. वायर तपासायची, सांधायची ती ड्रम थांबवून, आणि तेव्हा चामड्याचे मोजे घाला. तुटलेल्या तारांची टोकं विणलेल्या मोज्यातून सरळ आत जातात.

चांगल्या मोज्यावर ढालीचं चित्र, ईएन ३८८ आणि खाली चार आकडे असतात. पहिला घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. पुढे ए ते एफ असं इंग्रजी अक्षर असतं, तेही कापण्याचंच. एफ सगळ्यात मजबूत. एक्स असेल तर ती चाचणी केलेली नाही. दुकानदार "कट प्रूफ" म्हणेल, आपण अक्षर बघायचं. बाजारात मासे कापणाऱ्या आपल्या घरच्या बायकांनी सुरी नसलेल्या हातात असा मोजा घालावा, मनगटाच्या वरपर्यंत बाही असेल तर उत्तम. पण हा मोजा सुरी घसरली तर वाचवतो, कोयतीचा घाव अडवत नाही.

चौथ्या आकड्यावर मात्र विसंबू नका. ती चाचणी जाड खिळ्यासारख्या टोकाने होते. शिंगाळ्याचा (आपल्याकडे सांगट म्हणतात तो) काटा किंवा पाकटाच्या शेपटीची नांगी ४ आकड्याच्या मोज्यातूनही घुसू शकते. हे मासे पकडीने उचला. तरीही काटा लागलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास ठेवा. उष्णतेने हे विष निकामी होतं. पाणी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही आणि भाजतं. मग डॉक्टरकडे जायचंच. काट्याचा तुकडा आत राहिला तर हात पिकतो.

इंजिनाच्या कामाला नायट्राइलचे मोजे घ्या, साधं रबर डिझेलने फुगून सैल पडतं. बर्फ आणि क्रेटसाठी कोपरापर्यंतचे पीव्हीसी मोजे बरे, आत पातळ सुती मोजा घालून. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, उलटे करून वाळवा. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते आणि बारीक जखम चिघळते.

माप सोपं आहे. अंगठा सोडून तळव्याचा घेर टेपने इंचात मोजा. ८ इंच आला तर ८ नंबर. सोसायटी एकत्र खरेदी करणार आहे, त्यामुळे बोटीचं नाव, प्रत्येक खलाशाचं माप आणि त्याचं बोटीवरचं काम २० जुलैपर्यंत कार्यालयात कळवा. "सगळ्यांना मोठेच द्या" असं कृपया लिहू नका.

— सचिव