दे कॉइप : रॉटरडॅमनं न सोडलेलं स्टेडियम

रॉटरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकावरून दक्षिणेकडे जाणारी ट्राम धरली की थोड्याच वेळात नीउवे मास नदी लागते. एरास्मस पुलाचा 139 मीटर उंच पांढरा खांब आणि नदीकाठचे मनोरे मागे पडतात, आणि शहराचा तोंडवळा बदलतो. विटांच्या बैठ्या इमारती, तुर्की बेकऱ्या, सुरीनामी रोटीची दुकानं, जुन्या गोद्यांच्या खुणा. मुंबईत गिरणगावाचं जे स्थान, तेच रॉटरडॅममध्ये या दक्षिण भागाचं. झीलंड आणि ब्राबांटच्या खेड्यांतून पोट भरायला आलेल्या माणसांनी बंदरावर ओझी उचलली आणि इथेच संसार थाटले. त्यांच्याच वस्तीत, 1908 मध्ये एका पबमध्ये फेयेनूर्द हा फुटबॉल क्लब जन्माला आला. या क्लबचं घर म्हणजे ‘दे कॉइप’. कागदोपत्री नाव ‘स्टेडियन फेयेनूर्द’ असलं, तरी गावात ते कुणी उच्चारत नाही.

गेली पंधरा-वीस वर्षं या स्टेडियमभोवती एकच वाद घुमत राहिला: ते राखायचं, की नदीकाठी नवं बांधून भोवतालचा सगळा भाग नव्यानं वसवायचा? हा वाद समजून घ्यायचा तर आधी ही वास्तू नीट पाहायला हवी.

फेयेनूर्दचे तेव्हाचे अध्यक्ष लेन फान झांडफ्लीट यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हे स्वप्न पाहिलं. जगभर मंदी होती, बंदरात हजारो हात रिकामे होते. अशा काळात बंदरातले बडे उद्योगपती डी. जी. फान ब्यूनिंगन यांनी पैशाची बाजू सांभाळली. आराखडा ब्रिंकमन आणि फान डर फ्लुख्त या वास्तुविशारदांचा. चहा, कॉफी आणि तंबाखूचा फान नेले कारखाना याच जोडीनं उभारला होता आणि 2014 पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सप्टेंबर 1935 मध्ये संघाचा लाडका खेळाडू पुक फान हेल याच्या हस्ते पहिला खांब रोवला गेला. 27 मार्च 1937 रोजी बेल्जियमच्या बीरस्खॉट संघाविरुद्धच्या सामन्यानं उद्घाटन झालं. या मैदानावरचा पहिला गोल लेन फेंटे यानं केला आणि फेयेनूर्द 5-2 असं जिंकलं. लेंडर्ट फान डर फ्लुख्त मात्र 1936 मध्येच वारले. आपलं पूर्ण झालेलं काम भरलेल्या गर्दीनिशी पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

बाहेरून पाहिलं तर कारखान्याची आठवण होते. पोलादी सांगाडा उघडाच आहे आणि बाहेरच्या बाजूनं नागमोडी जिने वर चढतात. आत शिरल्यावर खरी करामत कळते. वरचा मजला खालच्यावर असा पुढे झेपावला आहे की, मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एकही खांब येत नाही. बाजू सरळ नाहीत, किंचित वळवलेल्या आहेत, म्हणून कोपऱ्यात बसलेल्यालाही गोल दिसतो. धावण्याचा ट्रॅक नसल्यामुळे पहिली रांग गवताच्या अगदी जवळ येते. फेयेनूर्दच्या चाहत्यांना ‘लेजिओन’ म्हणतात. क्लबनं 12 क्रमांकाची जर्सी त्यांच्या नावे राखून ठेवली आहे, कुठल्याही खेळाडूला ती मिळत नाही. हे लेजिओन एका तालात उड्या मारू लागलं की वरचा मजला पायाखाली हलतो. नवखा प्रेक्षक घाबरून कठडा धरतो. शेजारचे म्हातारबाबा निवांत कॉफी पीत असतात.

या पोलादानं बरंच सोसलं आहे. 14 मे 1940 च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात रॉटरडॅमचं मध्य शहर बेचिराख झालं, पण दे कॉइप वाचलं. पुढे युद्धाच्या काळात ते भंगारात काढण्याचा जर्मनांचा बेत होता, तोही टळला. सप्टेंबर 1970 मध्ये अर्जेंटिनाच्या एस्तुदियान्तेसला इथेच हरवून फेयेनूर्दनं आंतरखंडीय करंडक जिंकला. विजयी गोल करणारा योप फान डाले चश्मा लावून खेळत होता आणि चिडलेल्या प्रतिस्पर्ध्यांनी तो चश्माच मोडून टाकला. तो किस्सा रॉटरडॅमची आजची पोरंही सांगतात. 1994 मध्ये नूतनीकरण होऊन जवळपास सगळ्या खुर्च्यांवर छप्पर आलं. 2000 च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना इथे झाला, आणि 2002 मध्ये बोरुसिया डॉर्टमुंडला 3-2 नमवून फेयेनूर्दनं युएफा करंडक आपल्याच अंगणात उचलला.

मग नव्याची गरज का भासली? आजची क्षमता सुमारे 47,500. खास कक्ष, मेजवानीची दालनं, दुकानं यांतून जे उत्पन्न आधुनिक क्लब मिळवतात, त्याला जुन्या सांगाड्यात जागा अपुरी. समोर आम्सटरडॅमचं उदाहरण होतं. तिथल्या आयाक्स क्लबनं 1996 मध्ये जुनं ‘दे मेर’ स्टेडियम सोडून सरकतं छत असलेल्या अरेनात बस्तान हलवलं. भोवती कार्यालयं, चित्रपटगृहं आणि मोठी संगीत सभागृहं आली. दे मेर पाडून तिथे घरं झाली. तिथल्या पुलांना आयाक्सच्या खेळाडूंची आणि रस्त्यांना जगातल्या नामांकित स्टेडियमची नावं दिली आहेत. एवढीच काय ती जुन्या मैदानाची आठवण.

रॉटरडॅमनंही प्रयत्न केले. 2018 च्या विश्वचषकासाठी नेदरलँड्स आणि बेल्जियमनं संयुक्त दावा केला, तेव्हा भव्य स्टेडियमचं चित्र रंगलं. 2010 मध्ये यजमानपद रशियाला गेलं आणि ते चित्र गुंडाळलं गेलं. 2013 चा पुढचा प्रस्ताव नगरपरिषदेनं कर्जाला हमी न दिल्यानं कोसळला. मग आली ‘फेयेनूर्द सिटी’. रेम कोल्हास यांनी स्थापन केलेल्या रॉटरडॅममधल्याच ओएमए संस्थेनं तिचा आराखडा केला. मास नदीच्या काठावर 63,000 खुर्च्यांचं नवं स्टेडियम. तिथून रेल्वेमार्गावरून दे कॉइपपर्यंत जाणारा उंच पादचारी पट्टा. भोवती उद्यानं, दुकानं, क्रीडासुविधा आणि तीन हजारांहून अधिक घरं. जुनं दे कॉइप पाडायचं नव्हतं. त्याच्या पोटात सदनिका बांधायच्या आणि मैदानाच्या जागी सर्वांसाठी खुलं क्रीडांगण करायचं होतं. मे 2017 मध्ये नगरपरिषदेनं या दिशेला मान्यता दिली. त्याच महिन्यात फेयेनूर्द 18 वर्षांनी राष्ट्रीय विजेता झालं. शहर आनंदात होतं आणि योजनेला वारा अनुकूल होता.

कागदावर ही योजना देखणी होती, आणि तिच्यातला सामाजिक हेतूही खरा होता. दक्षिण रॉटरडॅम देशातल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. तिथे घरं, रोजगार आणि वाहतूक यायलाच हवी. पण सगळ्याचा डोलारा स्टेडियमवर उभा होता. त्याचा खर्च 44 कोटी 40 लाख युरोंपर्यंत गेला. नगरपालिका 4 कोटी युरोंचे शेअर घेणार होती, बाकी मोठा भार कर्जाचा. इथे एक बारकावा महत्त्वाचा: दे कॉइप क्लबच्या मालकीचं नाही. ते ‘स्टेडियन फेयेनूर्द’ या स्वतंत्र कंपनीचं आहे आणि क्लब तिथे भाडेकरू आहे. नव्या जागेत हे भाडं फुगलं, तर खेळाडूंवर खर्चायला पैसा उरणार कुठून? तिकीट महागलं, तर गोदी कामगाराच्या नातवानं सामना कुठे पाहायचा? ‘दे कॉइप वाचवा’ म्हणणाऱ्या चाहत्यांचे हे प्रश्न भावनेतून आले होते, तसेच हिशेबातूनही. काहींनी मात्र ताळतंत्र सोडलं. क्लबच्या संचालकांना धमक्या गेल्या आणि 2021 मध्ये त्यांनी पद सोडलं. कुठल्याही वास्तूवरच्या प्रेमापोटी असं वागण्याचं समर्थन होऊ शकत नाही.

करोनाच्या साथीत प्रेक्षकांविना सामने झाले, बांधकामाचे दर चढले आणि एप्रिल 2022 मध्ये ही योजना परवडणारी नाही असं क्लबनंच जाहीर केलं. पुढच्याच वर्षी, 2023 मध्ये, प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांच्या संघानं या जुन्या मैदानावरूनच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

मराठी वाचकाला हा तिढा परका नाही. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम दे कॉइपच्याच वर्षी, 7 डिसेंबर 1937 रोजी खुलं झालं. तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात बिनसलं आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नवर मात्र 1973 नंतर थेट 2009 पर्यंत एकही कसोटी झाली नाही. पुढे 2011 च्या विश्वचषकासाठी वानखेडेला मुंबईनं आहे त्या जागीच नवं रूप दिलं. डच लोकांनाही हा मार्ग माहीत आहे. भारतानं 26 मे 1928 रोजी हॉकीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण आम्सटरडॅमच्या ज्या स्टेडियमवर जिंकलं, ते पाडून घरं बांधण्याचा घाट 1980 च्या दशकात घातला गेला होता. नागरिकांनी विरोध केला. आज ते जतन केलेलं स्मारक आहे आणि तिथे खेळही चालू आहेत.

फेयेनूर्द सिटी बारगळली, तरी भोवतालच्या विकासाची गरज संपलेली नाही. सध्या केवळ सामन्यांच्या आणि मोठ्या कार्यक्रमांच्या दिवशी गाड्या थांबणाऱ्या स्टेडियम स्थानकाच्या जागी रोजचं स्थानक व्हावं, नदीवर आणखी एक पूल यावा आणि परिसरात घरं उभी राहावीत, असं नियोजन आहे. हा क्रम मला अधिक शहाणपणाचा वाटतो. रोज कामावर जाणाऱ्याला लोकल हवी, तरुण जोडप्याला परवडणारं घर हवं. या गोष्टी पंधरवड्यातून एकदा भरणाऱ्या स्टेडियमच्या नफ्यातोट्याला बांधून ठेवल्या, की ते बुडालं तर सगळंच बुडतं. स्टेडियमची दुरुस्ती वेगळ्या हिशेबानं, टप्प्याटप्प्यानं करता येते. पुणे असो की नागपूर, आपल्याकडेही क्रीडासंकुलाच्या नावावर मोठे भूखंड मागितले जातील, तेव्हा पहिला प्रश्न खुर्च्यांच्या संख्येचा नसावा. तिथल्या स्वस्त तिकिटाची किंमत पुढची वीस वर्षं कोण ठरवणार, हे आधी लेखी मागून घ्यावं.