४१२१०१ : एका पिन क्रमांकाविषयीचे गैरसमज

पुण्याजवळील रावेतच्या पत्त्यावर जो ४१२१०१ हा पिन क्रमांक लिहिला जातो, त्याच्या अंकांची बेरीज नऊ येते, एवढ्यावरून ती संख्या भाग्याची ठरविणारे सुशिक्षित लोकही आढळतात. वस्तुस्थिती अशी की, दहा, शंभर, हजार यांपैकी कोणासही नवाने भागिले असता बाकी एकच उरत असल्यामुळे संख्येची आणि तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी समान असते. सबब त्या बेरजेवरून नवाने नि:शेष भाग जातो एवढेच सिद्ध होते, आणि लागोपाठच्या कोणत्याही नऊ संख्यांत अशी एक असतेच.

अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो, तिला 'हर्षद' हे नाव देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. रावेतची संख्या हर्षद आहे खरी. परंतु हर्षद संख्या दुर्मिळ नव्हेत, एक ते शंभरांतच त्या ३३ आहेत.

मोठ्या संख्येचे अवयव शोधण्यास तिच्याखालील सर्व संख्यांनी भागून पाहावे लागते, हा समजही निराधार आहे. ४१२१०१ मधून सत्तावीस हा अवयव बाजूला काढल्यावर उरणाऱ्या १५२६३ चे वर्गमूळ १२४ हून कमी असल्यामुळे, तिला अवयव असल्यास त्यांतील एक १२४ च्या आत सापडलाच पाहिजे. म्हणून ११३ पर्यंतच्या ३० मूळ संख्यांनी तपासणी केली की काम संपते, आणि त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही, अर्थात १५२६३ मूळ आहे.

सर्वांत रूढ गैरसमज कापरेकरांच्याच नावाने चालतो. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास अखेर ६१७४ येते, असे सरसकट सांगितले जाते. वास्तविक हा नियम, चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्यांपुरताच आहे. ४१२१०१ घेतली, तर ४२१११० वजा ०१११२४ म्हणजे ४०९९८६, त्यावरून ९५१७४१ आणि पुढे ८६०८३२ मिळते. तेथून मात्र ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२ असा फेरा होऊन पुन्हा ८६०८३२ येते, व सात संख्यांचे हे आवर्तन कधीच थांबत नाही. सहा अंकांत स्थिर राहणाऱ्या संख्याही आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. पण रावेतची वाट त्यांच्याकडे जात नाही.

हे सारे अंकांचे खेळ म्हणून त्याज्य मानणाऱ्यांनी एक भेद ध्यानी घ्यावा. १५२६३ चे मूळत्व कोणत्याही लेखनपद्धतीत अबाधित राहते, तर हर्षदत्व आणि हे आवर्तन दशमान लेखनातून उद्भवतात. मात्र उद्भव कोठलाही असो, त्यांची सिद्धता तितकीच काटेकोर असते, आणि देवळालीच्या शिक्षकाच्या शोधांची दखल १९७५ साली गणितविषयक लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये घेतली, ती याच कारणाने उचित होती, असे मला वाटते.