पूरपहाऱ्यासाठी मोठी दुर्बीण : मांडणी व जुळवणी

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीस पूर नवा नाही. पावसाळ्यात पाणी चढून दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील द्वाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करण्यासाठी भाविकांची गर्दी लोटते. परंतु तेच पाणी त्यापुढे चढत गेले म्हणजे सोहळ्याचे संकट होते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी शिरोळ तालुक्याने हे अनुभवले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ते ५५ फुटांपलीकडे पोहोचले. गावांची बेटे झाली आणि उसाच्या फडांवर नावा चालल्या.

अशा वेळी उंच जागेवरून पाहणाऱ्यास दूरच्या छपरावर काही काळे दिसते. ते माणूस आहे की वाऱ्याने उडालेली ताडपत्री? पाण्यावरून वाहत येणारे म्हशींचे कळप आहेत की पंचगंगेतील जलपर्णीचे पुंजके? नावा थोड्या असतात आणि ओढ जबर असते. चुकीच्या खबरीवर नाव एका दिशेस गेली, तर दुसऱ्या दिशेस वाट पाहणारी माणसे तशीच राहतात. शिवाय प्रत्येक फेरीत नावेतील माणसांचा जीवही पणास लागलेला असतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून अनेकांचा बळी गेला, हे कृष्णाकाठ विसरलेला नाही. म्हणून खबर खात्रीची हवी, आणि त्या कामी मोठ्या शक्तीची दुर्बीण उपयोगी पडते. मात्र ती नीट मांडलेली व पाहणाऱ्याच्या डोळ्यांस जुळवलेली असली पाहिजे. तशी नसेल तर साध्या डोळ्यांनी पाहिलेले बरे.

दुर्बिणीवरील आकडे

दोन्ही डोळ्यांनी पाहावयाच्या दुर्बिणीवर ७×५०, १०×५०, २०×८० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ भासते ते सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. वीस पटीच्या दुर्बिणीतून दोन किलोमीटरवरील माणूस शंभर मीटरवर असल्यासारखा दिसतो.

पट वाढली म्हणजे लाभच लाभ, असे मात्र नाही. हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो, आणि एका वेळी दिसणारा प्रदेश आकुंचित होतो. सात पटीच्या दुर्बिणीत एक किलोमीटरवरील सुमारे १२० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो; वीस पटीत तोच ५५ ते ६० मीटर उरतो. प्रकाशाचाही विचार करावा. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले असता डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ७×५० मध्ये ती सुमारे ७ मिलिमीटर, तर २०×८० मध्ये ४ मिलिमीटर असते. म्हणून ढगाळ सायंकाळी कमी पटीची दुर्बीण अधिक उजळ दिसते. शोधण्यासाठी लहान पट व ओळखण्यासाठी मोठी पट, अशी दोन साधने असल्यास उत्तम.

जागा व तिपाई

दहा पटीपुढील दुर्बीण हातात धरून उपयोग नाही. तिला तिपाई हवीच. बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकास एक लहान टोपण असते. ते काढले की आत आटे दिसतात. तेथे जोडपट्टी बसवून दुर्बीण तिपाईवर घट्ट करावी. तिपाईचे पाय पूर्ण फाकवावेत, मधला दांडा होता होईल तो वर काढू नये, आणि खाली वाळूची पिशवी टांगावी. वाऱ्यात दुर्बीण स्थिर राहण्याचा हा सोपा उपाय आहे. तिपाई नसल्यास गच्चीच्या कठड्यावर वाळूने अर्धे भरलेले पोते ठेवून त्याच्या खळग्यात दुर्बीण टेकवावी.

पहाऱ्याची जागा पक्क्या इमारतीची गच्ची असावी. पुलावरून पाहू नये. वाहनांच्या हादऱ्याने चित्र थरथरते आणि पूरकाळी पूल स्वतःच धोक्याचा असतो. भिजलेला, खचू लागलेला काठ तर सर्वथा टाळावा. खिडकीच्या काचेतून पाहिल्यास आकृती पुसट होते. ऊन पडले असता तापलेल्या पत्र्यांवरून नजर टाकल्यास हवेच्या लहरींमुळे वस्तू हलल्यासारखी भासते.

सूर्याकडे दुर्बीण कधीही, क्षणभरही वळवू नये. दृष्टी कायमची जाऊ शकते. नृसिंहवाडीहून पाहताना सकाळी कृष्णेपलीकडील औरवाडच्या बाजूने ऊन डोळ्यांवर येते, म्हणून तेव्हा पश्चिमेकडचा भाग आधी तपासावा. दुपारनंतर हा क्रम उलट करावा.

डोळ्यांस जुळवणे

हे काम पुराची वाट न पाहता कोरड्या दिवशी करून ठेवावे. त्याचा क्रम असा आहे :

१. चष्मा वापरणाऱ्याने नेत्रभिंगावरील रबरी कडा खाली दुमडाव्यात. इतरांनी त्या उभ्या ठेवाव्यात.

२. बिजागरीवर दुर्बीण हळूहळू वाकवावी. दोन वर्तुळे एकमेकांत मिसळून एकच गोल वर्तुळ दिसू लागले की थांबावे. तेथील खुणेचा आकडा टिपून घ्यावा.

३. दोनशे-तीनशे मीटरवरील ठळक अक्षरांची पाटी निवडावी. उजवे पुढचे भिंग टोपणाने झाकावे, परंतु डोळे दोन्ही उघडे ठेवावेत. एक डोळा मिटल्यास दुसऱ्यावर ताण येतो व जुळणी चुकते. आता मधले चाक फिरवून डाव्या डोळ्यास अक्षरे स्पष्ट करावीत.

४. टोपण डाव्या भिंगावर घालावे. मधल्या चाकास हात न लावता केवळ उजव्या नेत्रभिंगाचे कडे फिरवून तीच अक्षरे स्पष्ट करावीत. या कड्यावरील आकडाही टिपावा.

५. यानंतर निरनिराळ्या अंतरांसाठी फक्त मधले चाक फिरवावे.

काही मोठ्या दुर्बिणींना मधले चाक नसते. त्यांत दोन्ही नेत्रभिंगे स्वतंत्रपणे, एकेक डोळा घेऊन जुळवावी लागतात. प्रत्येक माणसाचे आकडे वेगळे असतात. म्हणून पहाऱ्यावरील सर्वांची नावे व आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून तो पेटीत ठेवावा. पाळी बदलताना अर्ध्या मिनिटात जुळणी होते.

एवढे करूनही वस्तू दुहेरी दिसत असेल किंवा थोड्याच वेळात डोके दुखू लागत असेल, तर दोन नळ्यांची दिशा बिघडली आहे असे समजावे. दुर्बीण स्थिर ठेवून दूरच्या छपराची आडवी कड पाहावी आणि डोळे हळूहळू वीतभर मागे घ्यावेत. दोन्ही वर्तुळांत कड सारख्याच उंचीवर दिसली पाहिजे. तशी न दिसल्यास दुर्बीण घरी उघडू नये. जाणत्या कारागिराकडे द्यावी.

शोध कसा घ्यावा

दुर्बीण इकडून तिकडे भराभर फिरवल्याने काहीच हाती लागत नाही. प्रथम साध्या डोळ्यांनी सारा प्रदेश पाहावा. नंतर त्याचे पट्टे कल्पून प्रत्येक पट्टा डावीकडून उजवीकडे, थांबत थांबत तपासावा. प्रत्येक थांब्यास मागील चित्राचा थोडा भाग पुन्हा दिसला पाहिजे. छपरे, झाडांचे शेंडे, मंदिरांची शिखरे व उंच बांध यांवर अधिक वेळ द्यावा, कारण माणसे व जनावरे तेथेच आसरा घेतात. संशयास्पद वस्तू विजेच्या खांबासारख्या स्थिर खुणेशी ताडून पाहावी. खांबापासूनचे अंतर बदलत असेल तर ती वाहत आहे. तेथेच राहून हालचाल करीत असेल तर बहुधा सजीव आहे.

ठिकाण कसे सांगावे

‘त्या झाडापाशी’ असे सांगून नावाड्यास काही बोध होत नाही. होकायंत्राने दिशेचे अंश मोजावेत. शक्य असल्यास दोन ठिकाणांहून, जसे नृसिंहवाडीतून व पंचगंगेपलीकडील कुरुंदवाडातून, एकाच वस्तूची दिशा घ्यावी. नकाशावर दोन रेषा ओढल्या की त्या जेथे छेदतात तेच ठिकाण होय.

काही दुर्बिणींच्या आत ‘मिल’ मापाच्या बारीक रेघा असतात. वस्तूची मीटरमधील लांबी हजाराने गुणून रेघांच्या आकड्याने भागली की अंतर मीटरमध्ये मिळते. बारा मीटर लांबीचे छप्पर सहा मिलमध्ये मावले, तर ते दोन हजार मीटरवर आहे. पुरात मात्र उंचीवरून असा हिशेब करू नये. घराचा किंवा खांबाचा किती भाग पाण्याखाली आहे हे कळत नसल्याने अंतर खरे असेल त्यापेक्षा जास्त निघते. आडवे मापच घ्यावे आणि तेही छप्पर समोरून दिसत असेल तरच. तिरपे छप्पर आखूड भासते.

पाण्याची मोजपट्टी दुरून वाचताना लाटेचा एकच ठोका धरू नये. मिनिटभर पाहून सर्वांत वरची व सर्वांत खालची खूण टिपावी आणि त्यांचा मध्य वेळेसह लिहावा.

वहीत ‘दिसले’ व ‘वाटले’ यांचे रकाने निराळे ठेवावेत. “छपरावर दोन माणसे हात हालवीत आहेत” हे दिसलेले; “घरात आणखी माणसे असावीत” हे वाटलेले. दोन्ही कळवावे, परंतु भेद राखून. खबर १०७७ या क्रमांकावर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षास व गावच्या पोलीस पाटलास द्यावी. स्वतः पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा.

निगा

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते आणि एकदा धरली की काच कायमची खराब होते. बियाणे जसे दमटपणापासून जपतात तशीच दुर्बीण जपावी. ओली दुर्बीण पेटीत बंद करू नये. पुसून, सावलीत वाळवून मगच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पुराच्या पाण्यातील बारीक रेती काचेवर ओरखडे पाडते. म्हणून भिंग धोतराच्या सोग्याने अथवा पदराने पुसू नये. प्रथम फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ कुंचला फिरवावा आणि शेवटी स्वच्छ मऊ कापडाने अलगद टिपावे.

कृष्णेस पाणी येण्यापूर्वी, ज्येष्ठातच, ग्रामपंचायतीने दुर्बीण बाहेर काढून तरुणांकडून ही जुळवणी करून घ्यावी. औरवाडच्या काठावरील एखादी पाटी वाडीच्या गच्चीवरून प्रत्येकास वाचता आली, म्हणजे पहारा सज्ज झाला असे समजण्यास हरकत नाही.