झीजरोधक स्क्रू घटक

झीजरोधक स्क्रू घटक हे खनिजे किंवा काचतंतू मिसळलेले प्लॅस्टिक तयार करणाऱ्या बहिःसारण यंत्रातील, सहजी न झिजणाऱ्या धातूंपासून बनवलेले सुटे भाग होत. बहिःसारण यंत्राला कारखान्यांत एक्सट्रूडर म्हणतात. त्याच्या तापवलेल्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, मळसूत्राच्या आकाराचा लांब दांडा फिरत असतो. हा स्क्रू प्लॅस्टिकचे दाणे पुढे ढकलतो, वितळवतो, त्यांत इतर पदार्थ मिसळतो आणि तयार मिश्रण दाबाने डायमधून बाहेर काढतो. निव्वळ पॉलिथिलीन चालवणारा स्क्रू अनेक वर्षे काम देतो. त्याच यंत्रात काच किंवा कठीण खनिजाची पूड घालू लागले, की साध्या पोलादाचा स्क्रू काही महिन्यांतही निकामी होऊ शकतो. त्यामुळे अशा उत्पादनात स्क्रूचा धातू कोणता, तो कोठे बसवायचा आणि खनिज यंत्रात कोठून सोडायचे, या तीन प्रश्नांचा विचार एकत्रच करावा लागतो.

खनिजे मिसळण्याचे प्रयोजन

खनिजे केवळ स्वस्त भर म्हणून मिसळली जातात, हा समज अपुरा आहे. शंखजिऱ्याची पूड घातल्याने पॉलिप्रॉपिलीन अधिक ताठ होते आणि उष्णतेने लवकर वाकत नाही; मोटारींचे बंपर व डॅशबोर्ड अशाच मिश्रणाचे असतात. नायलॉनमध्ये वजनाच्या सुमारे ३० टक्के काचतंतू मिसळले, तर इंजिनाजवळच्या काही भागांसाठी ते धातूची जागा घेऊ शकते. पीव्हीसी नळांत आणि विणलेल्या पोत्यांच्या पट्ट्यांत कॅल्शियम कार्बोनेट असते. पांढऱ्या रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साइड लागते. पुणे व चाकण परिसरातील वाहन उद्योगात असे भरणयुक्त प्लॅस्टिक मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. भारतात निघणाऱ्या शंखजिऱ्यापैकी व वोलॅस्टोनाइटपैकी मोठा वाटा राजस्थानातील खाणींचा आहे.

झिजेची कारणे

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या काठिण्य श्रेणीत शंखजिऱ्याचा क्रमांक १ आहे, कॅल्साइटचा ३ आणि क्वार्ट्‌झचा ७. वोलॅस्टोनाइट ४·५ ते ५ च्या आसपास येते. काच साधारण ५·५ ते ६·५ आणि रुटाइल स्वरूपातील टायटॅनियम डायऑक्साइड ६ ते ६·५ एवढे कठीण असते. हे आकडे पाहता शंखजिऱ्याने किंवा कॅल्शियम कार्बोनेटने पोलाद झिजूच नये. प्रत्यक्षात ते झिजते, कारण खाणीतून येणारे खनिज क्वचितच शुद्ध असते. त्यात क्वार्ट्‌झचे थोडेसे कण असले, तरी ओरखडे काढण्याचे काम तेच करतात. म्हणून भरणद्रव्य विकत घेताना त्याच्या नावापेक्षा त्यातील सिलिकाचे प्रमाण आणि कणांचा आकार पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. मोठे व टोकदार कण बारीक व गोलसर कणांपेक्षा अधिक झीज करतात. काचतंतूंच्या बाबतीत तुटलेली टोके हेच खरे हत्यार असते.

इंग्लंडमधील जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये झिजेचे एक सोपे सूत्र मांडले. त्यानुसार झिजून गेलेल्या धातूचे घनफळ हे दाब व घासलेले अंतर यांच्या सम प्रमाणात, तर धातूच्या काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असते. कणांनी होणाऱ्या झिजेत आणखी एक गोष्ट दिसून येते. धातूचे काठिण्य घासणाऱ्या कणाच्या काठिण्याएवढे झाले किंवा त्याच्या पुढे गेले, की झीज हळूहळू नव्हे, तर झपाट्याने घटते. कण धातूत रुतू शकत नाही, तो वरून घसरतो. काच चालवणाऱ्या यंत्रासाठी काचेहून कठीण पृष्ठभाग हवा, या नियमाचा आधार हाच आहे.

खनिजाच्या घासण्याखेरीज आणखी दोन प्रकारे झीज होते. स्क्रूचा आटा बॅरलच्या भिंतीला टेकला, तर धातू धातूवर घासून ओरबाडला जातो. यंत्र रिकामे फिरवणे किंवा पुरेसे तापण्याआधी सुरू करणे ही त्याची नेहमीची कारणे. दुसरा प्रकार रासायनिक आहे. पीव्हीसी तापून विघटित होऊ लागले, की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. काही अग्निरोधक द्रव्यांतूनही आम्लधर्मी पदार्थ निघतात. हे पदार्थ धातूचा पृष्ठभाग खातात आणि खनिजाचे कण तो पोखरलेला थर खरवडून नेतात. खाली उघडा पडलेला ताजा धातू पुन्हा आम्लाच्या तावडीत सापडतो. त्यामुळे दोहोंची एकत्रित झीज स्वतंत्र झिजांच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त भरते.

दुहेरी स्क्रूची सुटी रचना

प्लॅस्टिकात भरणद्रव्ये मिसळण्याच्या उद्योगात प्रामुख्याने एकाच दिशेने फिरणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या दोन स्क्रूंचे यंत्र वापरतात. त्याचा पाया जर्मनीतील बायर कंपनीत रुडॉल्फ एर्डमेंगर यांनी घातला, आणि १९५० च्या दशकात श्टुटगार्टच्या वेर्नर उंट फ्लायडेरर या कंपनीने त्याला औद्योगिक यंत्राचे रूप दिले. या रचनेत स्क्रू अखंड नसतो. लांब दातेरी शाफ्टवर मण्यांसारखे एकामागून एक आखूड घटक ओवलेले असतात. पुढे ढकलणारे आट्यांचे घटक, उलट्या आट्यांचे घटक आणि कणीक मळावी तसे प्लॅस्टिक मळणाऱ्या चकत्यांचे संच, असे त्यांचे मुख्य प्रकार होत. या चकत्यांच्या संचाला कारखान्यात निडिंग ब्लॉक म्हणतात. बॅरलही तुकड्यांचे असून प्रत्येक तुकड्यात बदलता येणारे अस्तर, म्हणजे लायनर, बसवता येते.

झिजेच्या दृष्टीने या सुट्या रचनेचे मोल फार आहे. झीज स्क्रूच्या संपूर्ण लांबीवर सारखी होत नाही. ती तीन-चार ठिकाणी एकवटते. पहिले ठिकाण म्हणजे दाणे वितळतात तेथील निडिंग ब्लॉक. खनिज दाण्यांबरोबरच सुरुवातीला टाकले असेल, तर येथे अर्धवट घन दाणे आणि कोरडी पूड एकत्र चिरडली जातात, आणि पूड दाण्यांत दाबली जाऊन बॅरलवर पॉलिश कागदासारखी फिरते. दुसरे ठिकाण जेथे काचतंतू किंवा खनिज आत येते, तेथील व लगेच पुढचे घटक. तिसरे ठिकाण यंत्राच्या टोकाशी, डायपूर्वी दाब चढतो तेथे. उरलेल्या भागात साधे घटकही दीर्घकाळ टिकतात. म्हणजे संपूर्ण स्क्रू महागड्या धातूचा करण्याची गरज बहुधा नसते. नेमके घटक ओळखून तेवढेच बदलले, तरी काम भागते. लहान कारखान्याच्या खर्चात यामुळे पडणारा फरक क्षुल्लक नाही.

खनिज कोठून सोडायचे

प्लॅस्टिक पूर्ण वितळल्यानंतर, बाजूच्या पुरवठा यंत्रातून काचतंतू किंवा खनिज आत सोडणे हा झीज कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. वितळलेले प्लॅस्टिक कणांना ओलावते आणि धातू व कण यांच्यामध्ये वंगणासारखे काम करते. काचेच्या बाबतीत त्याचा दुसराही लाभ होतो. तीन-चार मिलिमीटर लांबीचे तंतू घन दाण्यांबरोबर भरडले गेले, तर फार आखूड होतात आणि तयार वस्तूची ताकद घटते. हा उपाय न योजता केवळ कठीण धातूवर भिस्त ठेवणे म्हणजे छत गळत असताना जमीन पुसत राहण्यासारखे आहे.

धातूंची निवड

सर्वांत प्रचलित आणि स्वस्त उपाय नायट्राइडिंगचा. ई.एन. ४१बी सारख्या ॲल्युमिनियम असलेल्या पोलादाचे घटक सुमारे ५०० ते ५५० अंश सेल्सियसला अमोनियाच्या वातावरणात दीर्घ काळ ठेवतात. पृष्ठभागात नायट्रोजन मुरतो आणि काही दशांश मिलिमीटर खोलीचा, व्हिकर्स मापनात १००० च्या आसपास काठिण्याचा थर तयार होतो. दोष असा, की कठीण असतो तो एवढा थरच. तो एकदा संपला, की खालचे मऊ पोलाद उघडे पडते आणि झीज अचानक वेग घेते. तोवर सुरळीत चाललेले यंत्र अल्पावधीत बिघडल्यासारखे वाटते, ते त्यामुळे.

डी२ सारखी, सुमारे १·५ टक्का कार्बन व १२ टक्के क्रोमियम असलेली हत्यारी पोलादे आरपार कठीण करता येतात. तेथे थर संपण्याचा प्रश्न नसतो. त्यांच्या पुढची पायरी चूर्ण धातुविद्येने केलेल्या पोलादांची. या पद्धतीत वितळलेल्या पोलादाचे वायूच्या फवाऱ्याने सूक्ष्म थेंब करतात. थेंब गोठून झालेली पूड बंद डब्यात भरून उच्च तापमान व सर्व बाजूंनी दाब देऊन एकजीव केली जाते. त्यामुळे व्हॅनेडियम कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण संपूर्ण धातूत सारखे पसरतात. हे कार्बाइड व्हिकर्स मापनात २५०० च्याही पुढे, म्हणजे काच आणि क्वार्ट्‌झ यांच्याहून कितीतरी कठीण असते. साध्या ओतकामात तेच कार्बाइड मोठ्या गाठींच्या रूपात गोठून धातू ठिसूळ करते.

पोलाद जितके कठीण करावे, तितका त्याचा चिवटपणा कमी होतो. स्क्रूवर पिळाचा मोठा भार असतो. एखादा धातूचा तुकडा चुकून आत पडला, तर अतिकठीण घटक तडकतो, आणि तडकलेला घटक शेजारच्यांनाही घेऊन जातो. चावीच्या खाचेचे कोपरे तडा जाण्यास विशेष अनुकूल असतात. दातेरी शाफ्टमध्ये भार अनेक दातांवर वाटला जात असल्याने तो धोका कमी होतो. काही घटकांत चिवट पोलादाच्या गाभ्यावर कठीण चूर्ण पोलादाचे आवरण दाबाखाली एकजीव करून दोन्ही गुण साधले जातात. रासायनिक झिजेत आणखी एक पेच आहे. गंज रोखण्याचे काम धातूत मोकळे राहिलेले क्रोमियम करते, पण कार्बन जास्त असल्यास बरेचसे क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडते. म्हणून अग्निरोधक नायलॉनसाठी क्रोमियमचे प्रमाण मुद्दाम वाढवलेली वेगळी पोलादे निवडावी लागतात. हार्ड क्रोमचा मुलामा दिसायला चकचकीत आणि गंजाविरुद्ध काहीसा उपयोगी असला, तरी तो शतांश मिलिमीटरमध्ये मोजण्याइतका पातळ असतो. काचेपुढे तो फार काळ टिकत नाही.

परिणाम व देखभाल

आटा आणि बॅरल यांमधील फट वाढली, की दाबामुळे त्या फटीतून मागे वाहणारे प्लॅस्टिक फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाल्यास ही गळती सुमारे आठपट होते. उत्पादन घटते, ते भरून काढण्यासाठी वेग वाढवला जातो, आणि वेगाबरोबर तापमान व झीज दोन्ही वाढतात. शिवाय झिजलेला धातू नाहीसा होत नाही, तो मालात जातो. पांढऱ्या मास्टरबॅचला येणारी करडी छटा बहुतेकदा या धातूच्या सूक्ष्म कणांची असते. विद्युत उपकरणांसाठीच्या नायलॉनमध्ये असे कण रंगापेक्षा गंभीर ठरतात, कारण ते विद्युतरोधनात दोष निर्माण करू शकतात.

चांगल्या कारखान्यांत प्रत्येक घटकाला क्रमांक देऊन त्याचे शाफ्टवरील स्थान, चालवलेला माल आणि तास यांची नोंद ठेवतात. ठरावीक काळाने स्क्रू बाहेर काढून आट्यांचा बाह्य व्यास मायक्रोमीटरने आणि बॅरलचा अंतर्व्यास बोअर गेजने मोजतात. यंत्र सुरू करताना आधी निव्वळ प्लॅस्टिक चालवून मगच खनिज सोडले जाते. थांबवताना क्रम उलटा असतो. एकेरी स्क्रूचा झिजलेला आटा कोबाल्ट किंवा निकेलच्या कठीण मिश्रधातूचे वेल्डिंग करून पुन्हा घासून मापात आणता येतो. दुहेरी स्क्रूचे घटक परस्परांना पुसत फिरत असल्याने त्यांच्या आकारात एवढी सूट नसते, आणि तेथे झिजलेला घटक बहुधा बदलावाच लागतो.