सहाव्या वर्षी येणारी दाढ

दुसरीतल्या मुलाला विचारा, "दात दिवसातून किती वेळा घासायचे?" उत्तर लगेच येते, "दोन वेळा, सकाळी आणि रात्री." शाळेत ते पाठ झालेले असते. मग विचारा, "काल रात्री घासलेस?" मूल अम्मीकडे बघते आणि अम्मी अब्बूंकडे!

आमच्या घरीही हेच होते. सात वर्षांच्या मुलीच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसला, तेव्हा आम्ही म्हणालो, "दुधाची दाढ आहे, पडून जाईल." दातांच्या डॉक्टरबाईंनी मात्र सांगितले, "ही पडणार नाही. ही कायमची आहे."

ही चूक पुष्कळ घरांत होते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे चार नव्या दाढा येतात. त्यांच्या जागी आधीचा कोणताच दात पडत नाही, म्हणून त्या आल्याचे कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यांच्या खोल खाचांत बिस्किट, चॉकलेट चिकटून राहते. तोंडातले जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दात पोखरतो. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीचे नुकसान अधिक.

दुधाच्या दातांकडेही दुर्लक्ष नको. ते नव्या दातांची जागा राखतात. वेळेआधी काढावे लागले, तर पुढचे दात वाकडे येऊ शकतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तोंडाच्या स्वच्छतेला किती महत्त्व दिले, हे आपण जाणतो. घरात आल्यावर आणि रात्री उठल्यावर ते मिस्वाक करीत. उम्मतला जड जाईल अशी काळजी नसती, तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाकचा हुकूम दिला असता, असेही त्यांनी सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनेही 1986 मध्ये मिस्वाकच्या वापराची शिफारस केली. मुलांना ही सुन्नत जरूर शिकवावी. पण लहान हाताने मिस्वाक मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून सोबत मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट हवीच. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. दादी-नानीची मशेरी मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका. ती भाजलेली तंबाखू आहे.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला एकट्याने दात नीट घासता येत नाहीत. शेवटचा हात मोठ्यांनी फिरवावा, दोन मिनिटे, मागच्या दाढांपर्यंत. त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये. खाचा खोल असतील तर दंतवैद्य त्यांवर संरक्षक लेपही लावतात.

आमच्या मुलीची दाढ वेळेवर भरल्यामुळे वाचली, अल्हम्दुलिल्लाह. आता ईशाची नमाज झाली की आम्ही तिला "घासलेस का?" असे विचारत नाही. "चल, घासू या," म्हणतो.