ठळक मुद्राक्षराचा सूर : ‘कूपर ब्लॅक’चे उदाहरण

मुद्राक्षराच्या वळणाने वाक्याचा अर्थ बदलत नाही. तथापि ते कोणत्या सुरात वाचावयाचे याची सूचना वाचकास मिळते. ही सूचना आकारातच असते, की वापराने त्यास चिकटते, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्याही कक्षेतील आहे. त्याच्या विचारास ‘कूपर ब्लॅक’ फार सोयीचे आहे.

शिकागो येथील अक्षररेखाटक ऑझवल्ड कूपर (१८७९–१९४०) यांचे हे वळण तेथीलच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेने १९२२ मध्ये विक्रीस आणले. रोमन अक्षरांच्या टोकांशी असणारे सेरिफ येथे बोथट व गोलावलेले आहेत. अक्षरांचे तळही सपाट नसल्यामुळे ती रेषेवर ताठ उभी न राहता नुसती टेकल्यासारखी भासतात. ‘ओ’ची पोकळी डावीकडे कललेली आहे. शाईचा भाग इतका वाढला आहे की अक्षर ओळखण्याचे काम उरल्यासुरल्या पांढऱ्या पोकळ्यांवर येऊन पडते. यास्तव मथळा, फलक, वेष्टन येथे ते शोभते; सलग मजकुरास लावल्यास तो वाचकावर अन्यायच होय.

प्रथम हे वळण जुने म्हणून आले नव्हते. ते जाहिरातीचे मोठ्या आवाजातील नवे अक्षर होते. पुढे बीच बॉइज यांच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ते आले, आणि त्या काळाची आठवण त्यास कायमची जडली. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इझीजेट या विमानकंपनीने आपले नाव त्याच अक्षरांत लिहिले; तेथे ते स्वस्ताई व सलगी सुचविते. आज त्यास ‘रेट्रो’ म्हणतात. (‘जुनाट’ या शब्दाने येथे भागत नाही, जुनाटात नावड आहे, रेट्रोत हौस.) आकार तोच राहून अर्थ फिरला. ‘महाशय’ हा आदराचा शब्द थट्टेकडे झुकला, त्यातलाच हा प्रकार. मात्र संकेत सर्वस्वी यादृच्छिक आहे असेही मला वाटत नाही. या गुबगुबीत अक्षरांत न्यायालयाची नोटीस छापली तर ती कोणी गंभीरपणे घेणार नाही.

देवनागरीत हा प्रयोग अधिक अवघड आहे. शिरोरेखा आधीच जागा व्यापते. वर मात्रा, खाली उकार. शिवाय ‘ब’ आणि ‘व’ यांतील भेद पोकळीतील एका तिरप्या रेघेवर, तर ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद बराचसा शिरोरेषेच्या खंडावर अवलंबून असतो. रेघ जाड केली की प्रथम हेच भेद बुजतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मोदक’ या वळणात पोकळ्या बारीक फटींएवढ्या ठेवून अक्षर फुगविले आहे. मोठ्या आकारात ही युक्ती साधते. लहान आकारात त्या फटी शाईने भरण्याचा धोका राहतो. असे वळण निवडताना आपल्या नेहमीच्या लघुतम युग्मांचाच उपयोग करावा. ‘घन–धन’, ‘वळ–बळ’, ‘भर–मर’ या जोड्या योजलेल्या आकारात छापून हातभर अंतरावरून वाचाव्यात. एकही जोडी अडखळली, तर ते वळण त्या आकारास वापरू नये.