शेजारी राउटर बोलतोय का?

देखरेखीचे साधन एसएनएमपीद्वारे राउटरला त्याच्या शेजाऱ्यांची स्थिती विचारते. उत्तर एका आकड्यात येते. तो असा वाचावा :

● ओएसपीएफ, १ ते ८ : १ म्हणजे ‘डाउन’, ८ म्हणजे ‘फुल’. इथरनेटवर मूळ सेटिंगनुसार दर १० सेकंदांनी ‘हॅलो’ जातो. ४० सेकंद एकही आला नाही, तर शेजारी गेला असे धरले जाते.

● ४ दिसला तर : ‘टू-वे’. इथरनेटवर डीआर किंवा बीडीआर नसलेले दोन राउटर एकमेकांशी याच पायरीवर थांबतात. हा बिघाड नव्हे. यावर अलार्म लावू नये.

● ५ वर अडकला तर : ‘एक्सस्टार्ट’. आधी दोन्ही टोकांचा एमटीयू जुळतो का, ते पाहावे.

● बीजीपी, १ ते ६ : फक्त ६, म्हणजे ‘एस्टॅब्लिश्ड’, ठीक. ३, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’, असेल तर सत्र जुळलेले नाही. शेजाऱ्याचा पत्ता आणि फायरवॉलमधील टीसीपी पोर्ट १७९ तपासावे.

● निकाल : नेगिऑससाठीचे प्लगइन ० (ठीक), १ (इशारा), २ (गंभीर) किंवा ३ (अज्ञात) असा संकेत परत देते. राउटरने एसएनएमपीला उत्तरच दिले नाही, तर ३ योग्य. शेजारी तुटल्याचा तो पुरावा नाही.

● मर्यादा : दोन तपासण्यांच्या मध्ये बीजीपी सत्र तुटून पुन्हा जुळले, तर आकडा ६ च दिसतो. म्हणून सत्र किती वेळा जुळले, याची राउटरमधील मोजणीही नोंदवावी.